मागच्या दाराची चौकट

माझ्या भावाने मागचं दार फोडलं, त्या दुपारी मी त्याला बाहेरून कडी घालून कोंडलं होतं. ही गोष्ट मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नाही. शेजारच्यांना म्हटलं, वाऱ्याने दार आपटलं. इस्पितळात म्हटलं, पाय घसरून काचेवर पडला. टाके घालणाऱ्या डॉक्टरबाईंनी तसंच लिहून घेतलं.

आमचं घर येलहंकाच्या जुन्या वस्तीत. अप्पा रेल्वेत होते. त्यांनी हे बैठं घर बांधलं, मागे एक लांबट खोली काढली, तिच्यापुढे फरशीचं अंगण आणि अंगणात चिकूचं झाड. आमची माणसं या कानडी मुलखात इतक्या पिढ्यांपासून आहेत की पुण्याहून आलेल्यांना आमचं मराठी ऐकून हसू येतं. मी बँकेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आईअप्पांचं शेवटचं सगळं केलं. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, इंजिनिअर. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत तो यंत्रांच्या सांगाड्यांची ड्रॉइंग्ज करायचा. त्याच ऑफिसातल्या नागपूरच्या मुलीशी त्याने लग्न केलं, त्यांना मुलगी झाली, व्हाइटफील्डला फ्लॅट घेतला. स्वभावाने शांत. लहानपणी मी त्याला बदडायचे, त्याने कधी हात उगारला नाही.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी ऑफिसला जाताना पाण्याच्या टँकरने त्याच्या दुचाकीला मागून धडक दिली. हेल्मेट होतं म्हणून वाचला. पण कपाळामागे मेंदूला मार बसला. डॉक्टर म्हणाले, राग आवरण्याचं काम मेंदूचा जो भाग करतो तोच दुखावलाय. बाकी सगळं जागेवर होतं. हिशेब, भाषा, ड्रॉइंग, माणसांच्या ओळखी. फक्त राग आला की मध्ये काही उरायचं नाही. मनात आलं की हात चाललेलाच असायचा. कंपनीत त्याने कुणाच्या तरी टेबलावरचा मॉनिटर उचलून भिंतीवर मारला आणि नोकरी गेली. घरी कुकरचं झाकण भिरकावलं, ते बायकोच्या खांद्याला लागलं. शेजारीच मुलगी उभी होती, झाकण तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेलं. भावजय मुलीला घेऊन माहेरी गेली. मी तिला दोष दिला नाही, आजही देत नाही. भावाला मी येलहंकाला घेऊन आले.

येलहंकात लष्करी विमानांचा सराव सुरू झाला की खिडक्यांच्या काचा तडतडतात. आम्ही त्याच आवाजात लहानाचे मोठे झालो. पण अपघातानंतर तो आवाज त्याला सोसेना. त्या दिवशी सरावाचा तिसरा दिवस होता. डोक्यावरून दोन विमानं एकापाठोपाठ गेली आणि त्याने जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. मग खुर्ची. मग माझ्याकडे वळला, थबकला, आणि तरातरा मागच्या खोलीत निघून गेला. तो स्वतःच दूर गेला होता, हे मला कळायला हवं होतं. मी घाबरले होते. मी आतलं दार ओढून कडी लावली, घराला वळसा घालून अंगणात गेले आणि मागच्या दारालाही बाहेरून कडी घातली.

"अक्का," आतून तो म्हणाला. आवाज शांत होता. "उघड. मला बाहेर जायचंय."

मी उघडलं नाही.

"अक्का, आत मला श्वास लागतोय. उघड."

मी दोन पावलं मागे सरले. मग पहिली लाथ बसली. दार होन्ने म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचं, अप्पांनी निवडून आणलेलं, वरच्या अर्ध्या भागात काचा. दुसऱ्या लाथेला काचा खडखडल्या. तिसऱ्या लाथेला कडी जागची हलली नाही, पण चौकटच उभी फाटली. रंगाखाली ती वाळवीने पोखरलेली होती, आम्हाला कधी कळलंच नाही. दार अर्धवट उघडून तिरपं अडकलं आणि त्याने काचेतून हात घातला. कोपरापासून मनगटापर्यंत हात चिरला. फरशीवर रक्ताची धार लागली, आणि तो तिच्याकडे असा बघत होता की जणू दुसऱ्याच कुणाचं रक्त सांडतंय.

एकवीस टाके पडले. पंधरा दिवसांनी जखम परत सुजली, तेव्हा तिच्यातून बोटाएवढी लाकडाची ढलपी निघाली.

त्याच्या डोक्याचे डॉक्टर आहेत, त्यांना मात्र मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्यांना कोंडू नका. झटका आला की बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे. वाट बंद दिसली की ते तिच्यावरच तुटून पडणार."

घरी आल्यावर भावाने डाव्या हाताने टेप धरून मागची भिंत मोजली. उजवा हात गळ्यात अडकवलेला.

"अक्का, ही भिंत काढू या. बारा फूट आहे. घडीचं दार लावू. पाच पानं, एकावर एक दुमडून बाजूला जातात. मग मला दार शोधायला नको. सगळी भिंतच उघडते."

"चौकट कशाची करायची?"

"तेच ठरवायचंय. लाकूड, यूपीव्हीसीचं कडक प्लास्टिक, नाहीतर ॲल्युमिनियम. मी त्याला लाथा घालणार आहे हे धरून ठरवायचं."

हे तो विनोदाने म्हणाला नव्हता. कंपनीत एखाद्या सांगाड्यावर किती भार येणार हे जसं तो मांडायचा, तसं त्याने स्वतःला मांडलं होतं.

लाकूड पहिल्याच दिवशी बाद झालं. अप्पांच्या ओळखीचे सुतार आले, म्हणाले, सागवान घाला, पन्नास वर्षं बघायला नको. भावाने बाही वर करून हात दाखवला. "फुटलं की लाकडाचे भाले होतात," तो म्हणाला. शिवाय पाच पानांचं सागवानी दार वजनाला जड, पावसाळ्यात फुगलं की पानं रुळात अडकणार, आणि नेमकी घाईच्या वेळी अडकणार. सुतारांनी त्या जखमेकडे पाहिलं, चहा प्यायले आणि पुढे आग्रह केला नाही.

यूपीव्हीसी बघायला आम्ही व्हाइटफील्डला एका दुकानात गेलो. गाडी मी चालवत होते, त्याला अजून डॉक्टरांची परवानगी नव्हती. दुकानातला विक्रेता पुण्याचा निघाला. मराठी ऐकून खूश झाला. "मॅडम, एकदम लो मेंटेनन्स. वाळवी नाही, गंज नाही, पेंटिंग नाही. आणि साउंडला बेस्ट." विमानांचा आवाज कमी होईल म्हटल्यावर माझं मन तिकडे झुकलं. दार पांढरंशुभ्र होतं, बोटाने सरकत होतं. भावाने विचारलं, "आत स्टील किती जाडीचं?" विक्रेता म्हणाला, "सर, ते साइटप्रमाणे असतं." आणि त्याने आम्हाला चौकटीच्या कोपऱ्याचा नमुना दिला. काटकोनात जोडलेले दोन तुकडे, प्रत्येक हातभर लांब. तो मी मागच्या सीटवर टाकला.

महादेवपुऱ्याजवळ रस्ता तुंबला होता. आमच्या मागे ऑफिसची एक कॅब होती, तिचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. मी भावाच्या जबड्याकडे बघत होते. दहा मिनिटं त्याने सहन केलं. मग कॅबने आमच्या बंपरला हलकासा धक्का दिला, आणि मी "राहू दे रे" म्हणायच्या आत तो उतरला होता.

त्याने कॅबचा बाजूचा आरसा एका झटक्यात उपटला आणि त्याच आरशाने बॉनेटवर तीन घाव घातले. ड्रायव्हर उतरला. मागच्या दुचाकीवरचे दोघे कारण न विचारता त्याच्या मदतीला धावले. त्यांनी भावाला गाडी आणि दुभाजक यांच्यामध्ये आडवं पाडलं. एक जण त्याच्या छातीवर बसून तोंडावर गुद्दे मारत होता, दुसरा बरगडीत लाथा घालत होता. आजूबाजूच्या गाड्यांत माणसं बसलेली होती. काही मोबाइल वर करून होती.

मी गाडीचं मागचं दार उघडलं, तो नमुना उचलला आणि छातीवर बसलेल्या माणसाच्या पाठीत घातला. तो वळला. त्याचं तोंड अगदी सामान्य होतं, भाजी आणायला निघालेल्या माणसासारखं. मी दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर, होता नव्हता तेवढ्या जोराने. कट्ट असा आवाज आला आणि नमुन्याचे दोन तुकडे झाले. खरं सांगते, तो दुसरा फटका मारताना मला बरं वाटलं. चार वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

पिकल्या केसांची बाई मारते आहे म्हटल्यावर ते बावचळले. कुणीतरी ओरडलं, "बिडी, साकु!" सोडा, पुरे. वाहतूक पोलीस आला, त्याने सगळ्यांना सारखंच झापलं, आरसा भरून द्यायचं आमच्याकडून कबूल करून घेतलं आणि रस्ता मोकळा करायला लावला.

गाडीत बसल्यावर भावाचा ओठ फाटलेला होता, एक डोळा मिटत चालला होता. आणि तो माझ्या हातातले तुकडे घेऊन न्याहाळत होता.

"अक्का, बघ. बरोबर जोडावर उघडलंय. दोन तुकडे वितळवून चिकटवतात ना, तिथेच. आणि आत स्टील नाहीच."

"आधी तोंड पूस."

"यूपीव्हीसी नको."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. तो तुकडे उलटेपालटे करत राहिला. नंतर कधीतरी म्हणाला, वस्तू वाईट नाही. आत जाड स्टील घातलं तर साध्या घराला उत्तम. पण आपलं घर साधं नाही.

उरलं ॲल्युमिनियम. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक शेड आहे. तिथे दारं-खिडक्या बनवतात. तिचा मालक साठीकडे झुकलेला, मान आणि खांदे एकच असा माणूस. तरुणपणी कुस्ती खेळायचा, कान अजून चुरगळलेले आहेत. शेडमध्ये पात्याखाली धातू कापला जात होता आणि ती किंकाळी दातांत शिरत होती. मी दारातच थांबले. हा आवाज त्याला सोसणार नाही असं मला वाटलं. पण भाऊ आत जाऊन त्या यंत्राशेजारी उभा राहिला आणि बघत राहिला. मी नंतर विचारलं तर म्हणाला, "तो आवाज कुठून येतो ते मला दिसत होतं ना."

मालकाशी आम्ही कन्नडमध्येच बोललो.

"कसलं दार पाहिजे?"

"घडीचं. पाच पानं," भाऊ म्हणाला. "आणि मी त्याला लाथा मारणार आहे. कधी मारीन ते सांगता येत नाही. तेव्हा सरी, नीट बघून द्या."

मालकाने त्याच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने एक तयार पान भिंतीला टेकवून खाली लाकडी ठोकळा ठेवला आणि बाजूला झाला. "मार."

भावाने मारली. पत्रा बारीक होता, मधोमध पोचा पडला.

"हे लोक खिडक्यांना नेतात," मालक म्हणाला, आणि दुसरं पान आणलं. जाड भिंतीचं, आत कप्पे असलेलं. भावाने लाथ मारली. पुन्हा मारली. सहा-सात लाथांनंतर तो घामाने निथळत होता. पान भिंतीवर आपटत होतं, पण वाकलं नाही. कोपऱ्यांत आतून धातूचे गुटके ठोकून बसवलेले होते, ते उघडले नाहीत. काम करणारी माणसं हात थांबवून बघत होती. मला लाज वाटत होती. आणि त्याच वेळी, कित्येक महिन्यांनी, मला भाऊ दिसत होता. तो खाली बसून बिजागरी तपासत होता. "हे स्क्रू नुसते पत्र्यात धरलेत. इथे आरपार बोल्ट पाहिजे, मागून पट्टी." मालक त्याच्या शेजारी उकिडवा बसला. दोघं अर्धा तास बोलत होते. काच अशी की तडकली तरी मधल्या पापुद्र्याला चिकटून राहील, खाली कोसळणार नाही. खालचा रूळ फरशीच्या पातळीत, म्हणजे धावताना पाय अडकायला नको. पानांच्या कडा कानशीने घासून गोल.

मग मालकाने वही काढली आणि मला विचारलं, "अक्का, कुलूप कुठल्या बाजूने? आतून, की दोन्हीकडून?"

भाऊ हातातल्या बोल्टकडे बघत होता. त्याने वर पाहिलं नाही, त्यामुळे मला जास्तच कळलं.

"आतून," मी म्हटलं. "बाहेरून काही नको. कडीसुद्धा नको."

भिंत पाडायला दोन दिवस लागले. घणाचे घाव बसत असताना भाऊ अंगणात उभा राहून विटा मोजत होता. दार बसलं. करड्या रंगाचं, पाच पानं. पहिलं पान रोजच्या जाण्यायेण्यासाठी एकटं उघडायचं, बाकीची चार दुमडून भिंतीशी जायची. पहिले दोन महिने ते उपयोगी पडलं. दोनदा त्याला झटका आला, दोन्ही वेळा त्याने पानं धडाधड दुमडली आणि तो बाहेर पडला, अंगणात येरझाऱ्या घालत ओरडला, चिकूच्या खोडावर मुठी मारून परत आला. मी शेजाऱ्यांना खरं काय ते सांगून टाकलं होतं. मला वाटलं, जमलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी आभाळ काळं होऊन खाली आलं होतं. हवा कोंदली होती. सकाळी विमानं उडाली होती आणि तो तेव्हापासून गप्प होता. चारच्या सुमारास मी त्याला म्हटलं, "गोळी घेतलीस का?" एवढंच. तो उठला. त्याचे डोळे बदललेले मला दिसले. आणि मी जे करायचं नाही तेच केलं. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिले. का, ते मला अजून सांगता येत नाही. बाहेर वीज कडकडत होती, त्याने झाडाखाली जाऊ नये असं वाटलं असेल.

"बाजूला हो."

"अरे, पाऊस येतोय..."

त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. मला आधी आवाज ऐकू आला, दात तुटल्याचा, मग वेदना. मी टेबलावर आपटून खाली पडले. तो मला ओलांडून गेला, पहिलं पान उघडलं आणि बाहेर पडला.

आणि गारा सुरू झाल्या. सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. शेजारच्या पत्र्यावर कुणी दगडांचा मारा करावा तसा आवाज. चिकूची पानं, कच्ची फळं तुटून फरशीवर पडत होती. तो मधोमध उभा राहून आभाळाला शिव्या देत होता. डोक्यातून रक्त निघून कानामागून खाली येत होतं.

मी उठले. तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा होता. मी त्याला आत बोलवायला हवं होतं. मी पान ओढलं आणि कुलपाची किल्ली फिरवली.

त्याला ते दिसलं. तो दाराकडे आला आणि हँडल ओढलं. मग माझ्याकडे बघितलं, काचेतून, दोन हातांवरून. त्याने लाथ मारली. दार दणाणलं, चौकट हलली नाही. पुन्हा मारली. कुंडी उचलून दुसऱ्या पानाच्या काचेवर घातली. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली आणि तशीच उभी राहिली. तो काहीतरी ओरडत होता, गारांच्या आवाजात ते ऐकू येत नव्हतं. मी आत उभी राहून मोठमोठ्याने म्हणत होते, "मार! मार अजून! बघू कोण थकतं!" तोंडातलं रक्त काचेवर उडत होतं. मी त्याला वाचवायला दार लावलं नव्हतं. बाहेर त्याला गारा झोडपताहेत हे मला दिसत होतं आणि त्या घटकेला मला ते हवं होतं.

किती लाथा मारल्या ते मोजलं नाही. मग तो थांबला. दाराला पाठ लावून खाली बसला आणि त्याने डोकं दोन्ही हातांनी झाकून घेतलं. लहानपणी मी मारायला लागले की तो असाच बसायचा.

मी कुलूप उघडलं. गारा अंगावर घेत त्याच्या काखेत हात घालून त्याला आत ओढलं. दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिलो. त्याने माझं तोंड पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"दात पडला?"

"अर्धा."

"मी पाडला."

"हो."

मग तो म्हणाला, "अक्का, दार लावलंस ते बरोबर केलंस."

"नाही रे. मी रागाने लावलं."

"असू दे. तरी बरोबर. मी बाहेर गेलो की तू लावायचंच. फक्त मी बसलो की उघड. आणि मध्ये उभी राहू नकोस. कधीच नको."

तो आमचा नियम झाला. त्यानंतर आम्ही तो पाच-सहा वेळा पाळला आहे. तो उठतो, "मी बाहेर" म्हणतो, म्हणता नाही आलं तर नुसता जातो. मी कुलूप लावते. तो बसला की उघडते. मला त्या वेळी भीती वाटते आणि रागही येतो. दोन्ही आता मी स्वतःपासून लपवत नाही.

तडकलेली काच बदलायला शेडचा मालक आला. दुसऱ्या पानाची बिजागरी स्वल्प वाकली होती, तिच्यावरून त्याने बोट फिरवलं, मग माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. तो भावाला कोपऱ्यात घेऊन गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण भावाची मान खाली होती. जाताना मला म्हणाला, "अक्का, याला शेडवर पाठव. मापं घ्यायला, ड्रॉइंगला मला माणूस पाहिजे."

"तो तिथे काहीतरी फोडेल."

"फोडू दे. मी आहे ना."

फोडलंही. तिसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने उगाच वाद घातला तेव्हा भावाने हातोडा भिरकावला. तो एका तयार खिडकीतून आरपार गेला. मालकाने त्याला मागून कवळा घालून जमिनीवर आणलं आणि श्वास खाली येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग उठवून सांगितलं, खिडकी तू बनवून द्यायची. त्याने दोन दिवसांत बनवली. आता तो आठवड्यातून चार दिवस जातो.

दसऱ्याच्या सुट्टीत भावजयीचा फोन आला. मुलीला वडिलांना भेटायचं होतं. "ताई, खरं सांगा. सुरक्षित आहे का?"

मी म्हटलं, "नाही. पूर्ण नाही." आणि मग गारांच्या दुपारचं सगळं सांगितलं, दात, कुलूप, माझं ओरडणं. शेवटी ती म्हणाली, येतो. मुक्काम तिच्या मैत्रिणीकडे, आमच्याकडे नुसतं दुपारी.

मुलगी अकरा वर्षांची झालेली, उंच. पहिला तास छान गेला. भावाने तिला शेडवर केलेली ड्रॉइंग्ज दाखवली. ती त्याच्या हातावरच्या व्रणावरून बोट फिरवत होती. मी पुऱ्या तळायला घेतल्या. आणि कुठून कोण जाणे, सरावाचे दिवस नसताना, एक विमान अगदी खालून गेलं.

त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्याने मुलीचा हात आपल्या हातावरून काढला, जपून, काचेची वस्तू ठेवावी तसा खाली ठेवला. "मी बाहेर," म्हणाला आणि गेला. मी गॅस बंद करून धावले आणि कुलूप लावलं.

तो कंपाउंडच्या भिंतीवर मुठी मारत होता. सालटी निघाली तरी थांबेना. भावजय मुलीला आत न्यायला लागली, पण मुलगी जागची हलली नाही. काचेला नाक लावून उभी राहिली.

"आत्या, बाबा आपल्यावर रागावलेत का?"

"नाही गं."

"मग कुणावर?"

मी किल्ली हातात धरून तिच्याशेजारी उभी राहिले. तो शेवटी झाडाशी जाऊन बसला, तेव्हा मी कुलूप उघडलं. मुलगी रडायला लागली होती. भावजय पाणी आणि कापूस घेऊन बाहेर गेली, त्याच्या मुठी तिने पुसल्या. पुऱ्या राहिल्या. मुलीला घेऊन ती लगेच निघाली, आणि फाटकाशी तिचं तोंड इतकं पांढरं पडलं होतं की मी मनात म्हटलं, संपलं, आता या काही यायच्या नाहीत.

रिक्षात बसता बसता ती वळली.

"ताई, आमची गाडी उद्या संध्याकाळी आहे. सकाळी आलो तर चालेल? ही म्हणते आहे."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या आल्या, आणि जेवून गेल्या.